औषध दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या घेण्यात अर्थ आहे का, की नामांकित कंपनीच्याच घ्याव्यात?

हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या वहिनींनी मला विचारला होता. तुम्ही माहितीसाठी विचारताय. त्यांनी आरती झाल्यावर, माजघरात पंधरा माणसं बसलेली असताना विचारला. "भावजी, आईंना दुकानाच्या नावाच्या गोळ्या देत होता तुम्ही? चार पैसे वाचवून काय मिळालं?"

आईचा उजवा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता.

आमचं घर हर्णैजवळ. दादा-वहिनी डोंबिवलीला, आई माझ्याकडे. दोघा भावांमध्ये आईला कोण सांभाळतं आणि कोण फोनवरून सल्ले देतं, हा विषय ज्यांच्या घरात आहे त्यांना पुढचं समजावून सांगायला नको.

संक्रांतीच्या सुमारास आई थकल्यासारखी वाटायला लागली, म्हणून मी चिपळूणच्या एका साखळी मेडिकलमधून त्यांच्याच नावाची बाटली आणली. 60 गोळ्या, 299 रुपये. आई रोज नाश्त्यानंतर एक घ्यायची आणि मी निर्धास्त. मे महिन्यात वहिनी आल्या त्या अमेरिकेहून कोणाकडून तरी मागवलेली बाटली घेऊन, पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी असते ती. किंमत तेव्हाच तीनदा सांगून झाली. मी म्हटलं, आणलेल्या आधी संपू देत, मग ही काढू. बाटली कपाटात गेली.

पावसाळ्यात आई म्हणायला लागली की जीभ सोलवटल्यासारखी झालीय, सोलकढीसुद्धा झोंबते. मग पायांना मुंग्या. मग एकदा पडवीतून खळ्यात जाताना एका पायातली चप्पल मागेच राहिली आणि तिला पत्ताच नाही. मी हसलो होतो, हे लिहिताना आता लाज वाटते. विचारलं तर तिचं ठरलेलं उत्तर, "काय नाय रे, वय झाला आता." ग्रामपंचायतीत शिबिर झालं त्यात हिमोग्लोबिन चांगलं निघालं. झालं तर मग, गोळी लागू पडतेय! नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी विहिरीकडच्या जांभ्याच्या पायरीवर पाऊल नीट पडलं नाही आणि घोट्याचं हाड मोडलं.

दापोलीला ज्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं त्यांनी पाय बघता बघता तीन प्रश्न विचारले. साखरेची गोळी किती वर्षं चालू आहे? नऊ वर्षं, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. मासे खाता का? बाबा गेले त्या वर्षी आईने माळ घातली आणि मासळी सोडली. हर्णैच्या लिलावात उभी राहून बांगड्याचे कल्ले उघडून बघणारी बाई, एका दिवसात बंद. दूध? कोरा चहा, लहानपणापासून. "मग व्हिटॅमिन बी 12 कधी तपासलंय?" नाही. रिपोर्ट आला 118. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा 200 च्या आसपास होती.

जेवणातून बी 12 मिळतं ते प्राणिजन्य पदार्थांतूनच. एका बांगड्यात दिवसाची गरज भागून उरते, तिसऱ्यांत तर विचारूच नका. मासळी सुटली तेव्हा आवक थांबली, आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की जे काही पोटात जातं त्याचं शोषणही कमी होतं. गोळीत फॉलिक ॲसिड असतं, ते बी 12 कमी असतानाही रक्त सावरून धरू शकतं आणि तिकडे नसा खराब होत राहतात. म्हणजे शिबिरातल्या ज्या आकड्यावर मी खूश होतो, तो आमच्या गोळीनेच आम्हाला दाखवलेला गुळगुळीत चेहरा असण्याची शक्यता डॉक्टरीणबाईंनी बोलून दाखवली. मग इंजेक्शनं, आधी एक दिवसाआड, नंतर आठवड्याला. जीभ पंधरा दिवसांत बरी झाली. पायाच्या मुंग्या जायला सहा महिने लागले आणि अंगठ्याजवळ थोडा बधिरपणा अजून आहे.

तर वहिनींचं म्हणणं, स्वस्तातली गोळी म्हणून हे झालं. त्या रात्री मी टॉर्च घेऊन बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसलो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

गोळीवर नाव कोणाचं आहे याला काडीचं महत्त्व नाही. 'मार्केटेड बाय' एक असतो, 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' दुसराच. माझ्या बाटलीवर हिमाचलमधल्या बद्दीचा पत्ता होता. शेजारच्या काकांची एका मोठ्या कंपनीची स्ट्रिप मागून आणली, तिच्यावरही बद्दीच. करसवलती मिळाल्यापासून औषधांचे कारखाने तिकडे एकाला लागून एक उभे राहिलेत, आणि एकच कारखाना दहा जणांसाठी माल बनवतो. नावाजलेल्या कंपनीला तुम्ही जास्तीचे पैसे देता त्यातले बरेचसे जाहिरातीचे.

दुसरं, परवाना बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, 14 आकडी क्रमांक आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापलेलं असेल तर ती गोळी कागदोपत्री औषध नाहीच. लोणच्या-पापडाच्या पंगतीतलं खाद्य आहे ते. काही मल्टिव्हिटॅमिन औषधाच्या परवान्यावर निघतात, त्यांची तपासणी औषधासारखी व्हावी लागते. स्वस्त हवी असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, साखळी दुकानापेक्षाही कमीत मिळते.

तिसरं, मुळात घ्यावी का. धडधाकट माणसाने, जो आठवड्यातून तीनदा मासळी, नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, शेवग्याचा पाला खातो, त्याने कोणतीच घेऊ नये. 2024 मध्ये अमेरिकेतल्या जवळपास 3,90,000 लोकांचा वीसेक वर्षांचा हिशोब प्रसिद्ध झाला. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले असं काही दिसलं नाही. साठीच्या पुढे स्मरणशक्तीला थोडा फायदा होतो असं तिकडच्याच एका चाचणीत दिसलंय, पण थोडाच. कॅल्शियमसाठी म्हणून घेत असाल तर हिशोब करा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढं एका मल्टिव्हिटॅमिन गोळीत सहसा नसतं. आणि लघवी पिवळीजर्द झाली की 'गोळी अंगी लागली' म्हणणारे आमच्याकडे खूप आहेत. अंगी लागलेलं नसतं, बी 2 बाहेर पडत असतं.

आम्हाला मल्टिव्हिटॅमिनने फसवलं नाही. 'आईला काहीतरी चालू आहे' या समाधानाने फसवलं. डोंबिवलीहून बाटली पाठवणाऱ्यालाही तेच समाधान आणि चिपळूणहून आणणाऱ्यालाही. दादाला मी हे अजून तोंडावर बोललेलो नाही. तपासणीला आईला दापोलीला घेऊन जायला अर्धा दिवस लागतो, बाटलीला 299 रुपये लागतात.

हे आधी लिहायला हवं होतं, पण राहिलं. थायरॉईडची गोळी चालू असेल तर लोह-कॅल्शियम असलेली कुठलीही गोळी चार तासांच्या अंतराने घ्या. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के आहे का बघून डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने व्हिटॅमिन ए असलेली गोळी मनाने घेऊ नये. बिडी-सिगरेट ओढणाऱ्याने बीटा कॅरोटीनच्या मोठ्या डोसच्या गोळ्यांपासून लांब राहावं. फिनलंडमध्ये 1994 साली अशा लोकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला होता. शाकाहारी असाल, साठीच्या पुढचे असाल, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल, तर गोळी कोणाची हे विचारण्याआधी बी 12 तपासा.

आणि एक. त्या रात्री दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून वाचल्या म्हटलं ना, दुसऱ्या दिवशी वहिनींना मी बद्दीचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, आत माल एकच असतो हेही ठासून सांगितलं. बी 12 चा आकडा सांगितला नाही. माझ्या गोळीत तो 1 मायक्रोग्रॅम होता. त्यांच्यात 25. नावापेक्षा आकडा बघा असं तुम्हाला सांगतोय ते तिथून आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आईची अवस्था बघता 25 नेही भागलं नसतं, आता ती 1000 ची गोळी घेते. नसेलच भागलं. पण मे ते ऑगस्ट ती बाटली कपाटात सीलबंद होती, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे होती.

वहिनी मे महिन्यात येणार आहेत. तेव्हा सांगेन म्हणतोय.