२० बाय ७० ची जागा: खोल्यांआधी पागोळ्या बघा

गुहागरजवळ २० फूट रुंद, ७० फूट लांब जागा, पूर्वेला रस्ता, घरात पाच माणसं, त्यात आईचे गुडघे दुखतात. खोल्या कशा बसवू, असं तुम्ही विचारलंय. खोल्या बसतील. आधी छपराचं पाणी कुठे पडणार ते ठरवा.

आमचं घरही असंच चिंचोळं. आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं लाकूड, लांबीला धरून टाकलं आणि छपराचे दोन्ही उतार, म्हणजे पाखं, शेजाऱ्यांकडे उतरली. पहिल्याच आषाढात आमच्या पागोळ्या त्यांच्या भिंतीवर. दोन पावसाळे बोलणं बंद होतं. मग पन्हळी लावल्या, त्या दरवर्षी पाल्याने तुंबतात. तुम्ही आढं रस्त्याला समांतर टाका. पाणी पुढे अंगणात आणि मागे परसात, तुमच्याच जागेत पडेल.

शिवाय माळा मिळतो. घर ४२ फूट लांब धरा. ३० अंशांच्या उताराला आढं भिंतीच्या माथ्यापासून १२ फूट वर जातं, आणि मधल्या वीसेक फुटांत माणूस ताठ उभा राहतो. तुमची आणि मुलांची खोली तिथे. सपाट स्लॅब घालायचा आणि गळायला लागला की वर पत्र्याची शेड मारायची, हे किनाऱ्यावर घरोघरी दिसतं. ते करू नका.

दोन्ही बाजूंना ३-३ फूट सोडून ९ इंची चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती घेतल्या तर आत साडेबारा फूट उरतात. (नियमाने किती सोडायचं ते पंचायतीत विचारा, भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकाम नियमांचंही.) पुढून मागे पडवी ५ फूट, बाहेरची खोली ११, जिना आणि नहाणीघर ७, आईची खोली ९, स्वयंपाकघर १०. जिना बरोबर आढ्याखाली येतो, वर डोकं आपटत नाही. त्याच्यावर चार काचेची कौलं बसवा, मधला अंधार जाईल. आईला नहाणीघर भिंतीपलीकडेच.

दारं सगळी उत्तरेच्या भिंतीलगत, एका रेषेत. पुढच्या दारातून परसदार दिसलं पाहिजे. दिवसा खारा वारा, रात्री मतलई, दोन्ही याच वाटेने घरातून जातात. आईच्या खोलीला वाटेच्या कडेने फळ्यांचा आडोसा करा, वर फूटभर मोकळा.

दक्षिणेची उंच भिंत पावसाचा मारा खाते. तिथे छप्पर दीड फूट बाहेर काढा आणि गिलावा कराच; चिरा उघडा ठेवायची हौस रस्त्याच्या बाजूला भागवा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडाकडे किती कौलं उडाली ते आठवा, आणि वळचणीची कौलं तारेने बांधून घ्या.

विहीर मागे असेल तर संडासाची टाकी पुढच्या अंगणात घ्या, पाइप लांब पडला तरी. जांभ्यातून पाणी फार सहज झिरपतं.