नीटचे गुण आणि तेहतिसाव्या आठवड्यातला जन्म

पत्राचा सारांश: पत्नीला प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झाला. मुलगी ३३ व्या आठवड्यात जन्मली, वजन १.६ किलो. दहावीला ९१ टक्के. बारावीला पीसीएमबी. नीटला दोनदा बसली, गुण कमी पडले. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे अशा बाळांच्या मेंदूवर परिणाम होतो असं वाचलं, म्हणून सहा महिने अँटिऑक्सिडंट पावडर देतोय. तिसरा प्रयत्न करावा का? ती स्वतः बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स म्हणते. (एक वडील, लातूर)

नमस्कार,

नीटचं नंतर बघू. तुम्ही लिहिलंय, ‘तिच्या आईच्या बीपीमुळे मुलगी मागे पडली.’ हे वाक्य घरातही बोललं जात असणार, मुलीच्या आणि तिच्या आईच्या देखत. परीक्षेत दोनदा कमी पडलेल्या मुलीला घरचेच सांगतायत की तुझ्या डोक्यातच जन्मापासून उणीव आहे, आणि दोष आईचा. मला काळजी वाटते ती याची. हे आजपासून बंद करा.

आईच्या खाण्यापिण्याच्या किंवा वागण्याच्या चुकीमुळे प्री-एक्लॅम्प्सिया झाला, असं मानणं अन्याय आहे. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या धमन्या रुंद व्हायला हव्यात. त्या तशा झाल्या नाहीत की वारेला रक्त अडखळत पोचतं, तिथे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात (हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस) आणि वारेतून सुटलेले घटक आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. मग बीपी १४०/९० च्या वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जायला लागतात. बाळाची वाढ खुंटू शकते, कधी दोघांच्या जिवासाठी प्रसूती लवकर करावी लागते. फ्री रॅडिकल्सना आवरणारी बाळाची स्वतःची यंत्रणा शेवटच्या आठवड्यांत तयार होत असते. त्यामुळे वेळेआधी आलेल्या बाळाच्या फुप्फुसांना आणि डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ऑक्सिजनसुद्धा मोजूनमापून देतात. तुमच्या मुलीपुढचा तो धोका खरा होता. तिने तो पार केला.

वेळेआधी जन्मलेल्या मुलांमध्ये शिकण्याच्या अडचणी सरासरीने थोड्या जास्त दिसतात, हेही खरं. पण सरासरी हजारो मुलांची असते. त्यावरून दहावीला ९१ टक्के मिळवलेल्या एका मुलीच्या मेंदूचा निकाल लावता येत नाही. नीटमध्ये मागे राहणाऱ्या लाखो मुलांपैकी बहुतेक जण पूर्ण दिवस भरूनच जन्मलेले असतात.

आता ती पावडर. अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवरणारे पदार्थ. ‘आजारात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे, म्हणजे अँटिऑक्सिडंट दिलं की काम झालं’ हा समज शास्त्रज्ञांनाही मोहात पाडणारा होता. म्हणून तो तपासला गेला. ब्रिटनमध्ये धोका जास्त असलेल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांपैकी काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं, इतरांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. निकाल २००६ मध्ये आला. प्री-एक्लॅम्प्सिया कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जीवनसत्त्वांच्या गटात जास्त निघाली. अमेरिकेत सुमारे दहा हजार स्त्रियांवरच्या चाचणीनेही, २०१० मध्ये, काही फायदा दाखवला नाही. गरोदरपणातच जे चाललं नाही, ते अठरा-एकोणीस वर्षांनंतर डब्यातून देऊन जन्माच्या वेळचं काही भरून निघेल, याला कसलाच आधार नाही. पावडर बंद करा.

आणि हा समज खोटा आहे हे कळलं कशावरून? नुसत्या प्रयोगशाळेतून नव्हे. कुणाला कुठल्या गटात टाकायचं, किती स्त्रिया लागतील, दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे संख्याशास्त्रज्ञांनी ठरवलं म्हणून. तुमची मुलगी नेमका तोच विषय मागतेय आणि तुम्ही तो पत्राच्या शेवटी, तक्रारीच्या सुरात लिहिलाय. बारावीला गणित आहे, म्हणजे दार उघडं आहे. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, मग एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स किंवा बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्य आणि जीवशास्त्रातलं संख्याशास्त्र. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेची माहिती काढून ठेवा. औषध कंपन्या, वैद्यकीय महाविद्यालयं, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्था, सगळीकडे या माणसांची गरज असते. वैद्यकीय संशोधन फक्त एमबीबीएस करतात असं नाही.

नीटचा तिसरा प्रयत्न? तिने स्वतः मागितला तरच. तिने मागितलेला नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीला पुढे उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो, हृदयविकाराचा जवळपास दुप्पट. पत्रात पत्नीचं बीपी फक्त दोष देण्यापुरतं आलंय. ते शेवटचं कधी मोजलं? क्लासची फी भरण्याआधी त्यांना फिजिशियनकडे न्या, बाळंतपणातला त्रास सांगा, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, आणि पुढे दरवर्षी तपासत राहा. मुलीलाही हा इतिहास माहीत असू द्या. पुढे तिला दिवस गेले तर पहिल्याच भेटीत तिने डॉक्टरांना तो सांगायला हवा, कारण गरज वाटल्यास कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू करतात.

प्रवेशाबद्दल पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही ते वाचू नका.