गच्चीवर ३ किलोवॉटचा सोलर बसवावा की ५ चा?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत स्वतःचं घर, खाली स्वतःची पिठाची गिरणी, दोन्हींची मीटर वेगळी. घराचा वापर महिन्याला सरासरी ३०० युनिट. विक्रेत्याने २ किलोवॉटचे १ लाख ३५ हजार, ३ चे १ लाख ९५ हजार आणि ५ चे ३ लाख १० हजार सांगितले आहेत. ‘५ घ्या, गिरणीचं बिलही त्यातच निघेल’ असा त्याचा आग्रह आहे. त्यासाठी ३ लाखांची एफडी मोडावी का? घराचं मीटर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि दोन वर्षांत एसी घ्यायचा आहे.

५ किलोवॉट घेऊ नका. ३ घ्या, आणि एफडीला हात लावू नका.

आधी गिरणीचं पाहू, कारण तुमचा सगळा हिशेब तिथेच चुकला आहे. नेट मीटर, म्हणजे तुम्ही घेतलेली आणि सोलरमधून लाइनला दिलेली वीज मोजून वजाबाकी करणारं मीटर, हे एका जोडणीचं असतं. घराच्या मीटरवर जमा झालेली युनिटं गिरणीच्या बिलातून वजा होत नाहीत. घरची वायर खाली ओढून गिरणी चालवणं म्हणजे घरगुती जोडणीचा गैरवापर. त्यात दंडात्मक बिल येतं, तेव्हा तो विचार सोडून द्या.

आता घराचं गणित. आपल्या भागात १ किलोवॉट वर्षाला साधारण १,३५० युनिट देतो. एप्रिल-मेमध्ये दिवसाला पाचच्या आसपास, ऐन पावसाळ्यात त्याच्या निम्मीच. तुमचा वर्षाचा वापर ३,६०० युनिट. बिलावरचे दर पाहा: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० जवळजवळ दुप्पट. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी स्वस्त युनिटाला साडेसहा रुपये आणि महागाला १२ रुपये धरतो. तुमच्या बिलावरचे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

सोलर आधी महाग युनिटं कापतो, मग स्वस्त. म्हणून प्रत्येक किलोवॉटचा हिशेब वेगळा मांडायला हवा. पहिले दोन किलोवॉट महिन्याला सरासरी २२५ युनिट देतात. त्यात महागड्या स्लॅबची (दराच्या टप्प्याची) सगळी २०० गेली, म्हणजे सुमारे २,५५० रुपये वाचले. केंद्र सरकारच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार अनुदान आहे, त्यामुळे खिशातून ७५ हजार जातात. ते अडीच वर्षांत वसूल. तिसऱ्या किलोवॉटला अनुदान १८ हजार, खिशातून ४२ हजार, आणि तो उरलेली फक्त स्वस्त ७५ युनिटं वाचवतो, म्हणजे महिन्याला पाचेकशे रुपये. वसुलीला सात वर्षं. एसी येणार नसता तर मी २ वरच थांबा म्हटलं असतं. एसी आला की तुम्ही पुन्हा महाग स्लॅबमध्ये जाणार, म्हणून ३.

चौथ्या-पाचव्या किलोवॉटला अनुदान शून्य, ७८ हजारांवर ते थांबतं. वरचे १ लाख १५ हजार पूर्ण तुमचे, आणि त्यातून येणारी वर्षाची २,७०० युनिटं घरात खपणार नाहीत. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याला जमा होतात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्यांचे पैसे अगदी कमी दराने मिळतात. युनिटाला ३ रुपये धरले तरी वसुलीला १४ वर्षं लागतील. तोवर एकदा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बदलावा लागेल. तो खर्च ३ किलोवॉटलाही आहे. दहा-बारा वर्षांनी लागतील म्हणून २५-३० हजार आतापासून बाजूला धरा.

पैसे असे उभे करा. योजनेखाली सरकारी बँका ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात. अनुदान प्लांट सुरू झाल्यावर खात्यात येतं, ते लगेच कर्जात भरा. उरलेल्या १ लाख १७ हजारांचा पाच वर्षांचा हप्ता, साडेसहा टक्के व्याज धरलं तर, महिन्याला सुमारे २,३०० रुपये होतो, आणि बिलात वाचतात ३,०५०. एफडी आजारपणासाठी, अडीअडचणीसाठी तशीच राहू द्या.

करार करण्याआधी मीटर स्वतःच्या नावावर करा. अर्जदार आणि वीजग्राहक एकच नसेल तर अनुदान अडकतं. दरपत्रकात ‘डीसीआर पॅनेल’, म्हणजे सेलसकट भारतात बनलेलं, असं लिहून घ्या. स्वस्तातलं दुसरं पॅनेल लागलं तर अनुदान गेलं. विक्रेता महावितरणच्या यादीतला हवा आणि पाच वर्षांची देखभाल लेखी हवी. पॅनेलकडची डीसी बाजू, इन्व्हर्टरनंतरची एसी प्रवाहाची बाजू आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक, तिन्हींची अर्थिंग वेगळी.

जागेबद्दल मात्र हट्ट धरा. ३ किलोवॉटला सुमारे ३०० चौरस फूट लागतात, तोंड दक्षिणेकडे, उतार १५ ते २० अंश. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या पॅनेलचा मोठा भाग बंद पडतो. सकाळी नऊ आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन टाकीची सावली खडूने आखा, पॅनेल त्या रेघेच्या बाहेर. हिवाळ्यात सावली लांबते, त्याची सोय ठेवा. तुमच्याकडे दुसरी अडचण गिरणीची आहे: उडालेलं पीठ दवाने भिजून काचेवर खळीसारखं घट्ट बसतं. गिरणीतलं पीठ बाहेर सोडणाऱ्या धुराड्याचं तोंड पॅनेलपासून दूर वळवा आणि दर पंधरवड्याला सकाळी, काच थंड असताना, मऊ फडक्याने पुसा. बोअरचं जड पाणी पांढरे डाग सोडतं, शक्यतो नळाचं घ्या.

वीज गेली की हा सोलरही बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम तसा केलेला असतो. भारनियमनासाठी बॅटरी घ्यायची असेल तर ती सोय समजून घ्या, वसुलीच्या हिशेबात धरू नका.

गिरणीसाठी स्वतंत्र प्लांटचा विचार पुढच्या वर्षी करा. तिला अनुदान नाही. ४० टक्के घसारा (यंत्राच्या झिजेपोटी करपात्र उत्पन्नातून वजावट) मिळतो असं विक्रेते सांगतात, ते खरं आहे, पण गिरणीचं विवरणपत्र अनुमानित उत्पन्न पद्धतीने (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) भरत असाल तर घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. तुमच्या सीएला आधी एवढंच विचारा.