वाचक विचारतात : आधी वादक, मग पडदा

प्रश्न : मी फोंड्याला राहते, वय २३. हार्मोनियम शिकले आहे, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येतं. सभागृहासाठी स्वतंत्र रचना करायच्या आहेत आणि चित्रपटांना पार्श्वसंगीतही द्यायचं आहे. आधी मुंबई गाठावी का?

उत्तर : मुंबईआधी चार वादक गाठा. दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या स्वराचं), एक चेलो (त्याहून मोठं), आणि त्यांच्यासाठी चार-पाच मिनिटांची रचना. चर्चमधल्या आणि कला अकादमीतल्या शिक्षणामुळे कागदावरून वाचून वाजवणारी माणसं गोव्यात मिळतात. याच मातीतून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तसेच सेबास्टियन डिसूझा हे संगीत-संयोजक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटाच्या वाद्यवृंदाला घडण मिळाली.

प्रत्येक वादकाला वेगळा कागद द्या. व्हियोलाचा अल्टो क्लेफमध्ये (मधली रेघ मध्य ‘सी’ मानणाऱ्या खुणेत). पान उलटायच्या जागी विश्रांती हवी, ओळीच्या सुरुवातीला बारचा (ठोक्यांच्या एका गटाचा) आकडा हवा. पुढे बी-फ्लॅट क्लॅरिनेट घेतलात तर त्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहायचा, कारण ते लिहिल्यापेक्षा तेवढंच खाली वाजतं. हे विसरलं की तालमीचा अर्धा वेळ चुका शोधण्यात जातो. संगणक काहीही वाजवून दाखवतो, पण गज कुठे अपुरा पडतो हे वादकच सांगेल. तालमीचं चांगलं ध्वनिमुद्रण जपून ठेवा. दिग्दर्शकाला ऐकवायला तेच कामी येतं.

पडद्याचं काम लघुपटापासून सुरू करा. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून गोव्यात भरतो, तिथे नवे दिग्दर्शक भेटतात. संकलन पक्कं होईपर्यंत मात्र सविस्तर लिहू नका. एक प्रसंग दोन सेकंदांनी कापला तरी पुढची प्रत्येक जागा सरकते.

लय हिशेबाने निवडा. समजा, संगीत सुरू झाल्यावर ३७.५ सेकंदांनी दार आपटतं. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरली आणि पहिला ठोका संगीत सुरू होतानाच मोजला, तर दार ६३व्या आणि ६४व्या ठोक्याच्या बरोबर मध्ये येतं. ९६ धरली तर एक ठोका ०.६२५ सेकंदाचा, म्हणजे दार ६१व्या ठोक्यावर, चार-चारच्या हिशेबात १६व्या बारच्या समेवर. शिवाय सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रात हा ठोका नेमका १५ फ्रेमचा होतो. मात्र दर वेळी समेवरच आदळू नका, प्रेक्षकाला ते आधीच कळू लागतं.

फ्रेमचा वेग संकलकाकडून लेखी घ्या. २४चं चित्र २५ने चाललं तर दहा मिनिटांचा भाग २४ सेकंदांनी आखडतो. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर द्या. तंतुवाद्यं, ताल, बाकीची वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असू द्या. संवादाखाली फक्त ताल उतरवायचा असेल तर मिश्रण करणाऱ्याला तुमच्याकडे परत यावं लागत नाही.

प्रश्न : दिग्दर्शक मित्र म्हणतो, "सगळे हक्क लिहून दे." द्यावेत का? (म्हापसा)

उत्तर : मानधन घेऊन चित्रपटासाठी केलेल्या संगीताची मालकी, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर, साधारणपणे निर्मात्याकडे जाते. पण कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणं सोडून इतर वापरावरच्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा तुम्हाला सोडून देता येत नाही; तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. "रॉयल्टीसह सर्व हक्क" असं वाक्य दिसलं तर ते खोडून घ्या आणि मगच सही करा. आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सदस्यत्व घ्या. प्रत्येक चित्रपटाची क्यू शीट, म्हणजे वापरलेल्या संगीताची यादी, स्वतः भरा : तुकड्याचं नाव, मिनिटं-सेकंद, संगीतकाराचं नाव. ती भरली गेली नाही तर वाजलेल्या संगीताचे पैसे कोणाला द्यायचे हे सोसायटीला कळत नाही.