कॅनडाचं पीआर: एजंट काय म्हणतो ते राहू द्या, आधी कागद बघू

दिवाळी संपली की परदेशी स्थायिक होण्याच्या चौकशा वाढतात, प्रश्न मात्र तेच ते असतात. कुणाला मेहुण्याने सांगितलेलं असतं, कुणी व्हॉट्सॲपवर वाचलेलं असतं, कुणी अंधेरीच्या चकाचक ऑफिसात कॉफी पिता पिता ऐकलेलं असतं. यावेळी फक्त कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचे, म्हणजे कुशल कामगारांना गुणांवर कायमचं वास्तव्य (पीआर) देणाऱ्या पद्धतीचे, प्रश्न घेतले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. परदेशातून कुशल कामगार म्हणून अर्ज करणाऱ्याला १०० पैकी ६७ गुण लागतात, ते केवळ पात्रतेचे. त्यानंतर १२०० गुणांच्या वेगळ्या मोजणीत तुमचा क्रमांक लागतो आणि आमंत्रण त्यावर येतं. "मॅडम, मला ७१ आले, तिकीट कधी काढू?" असं विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

प्रश्न: माझं वय ४० आहे, अविवाहित आहे. बहीण म्हणते ३५ नंतर कॅनडा विसर. आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) एकदा दिली, पुन्हा द्यावी की पुढच्या वर्षी बघावं? – मुलुंड

बहिणीचं चूक आहे. वयाची वरची मर्यादा नाही, गुण मात्र घसरतात. एकट्या अर्जदाराला २० ते २९ या वयात वयाचे ११० गुण मिळतात, ४० व्या वर्षी ५०. पुढे घसरण जोरात आहे: ४१ ला ३९, ४२ ला २८, आणि ४५ ला शून्य. आमंत्रण येण्याआधी वाढदिवस आला की यादीतले गुण आपोआप कमी होतात, कुणी विचारायला येत नाही. "पुढच्या वर्षी बघू" म्हणजे ११ गुण फुकट घालवणं.

वय तुमच्या हातात नाही, भाषा आहे. सीएलबी, म्हणजे भाषा मोजायची कॅनडाची मोजपट्टी, तिच्यावर ९ ही पातळी गाठली की भाषेचे गुण वाढतातच, शिवाय शिक्षण आणि अनुभवाच्या जोडीने मिळणारेही वाढतात. त्यासाठी आयईएल्टीएसमध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. लिसनिंगमध्ये साडेसात आले म्हणून पेढे वाटू नका, ती सीएलबी ८ झाली. फ्रेंचचाही विचार करा. मार्च २०२५ मध्ये फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीच्या आमंत्रणांची एक फेरी ३७९ गुणांवर लागली, तर कॅनडात काम केलेल्यांच्या फेऱ्या त्या वर्षी ५०० च्या खाली आल्याच नाहीत. पण "तीन महिन्यांत फ्रेंच" अशा पाट्यांवर विश्वास ठेवू नका. चारही कौशल्यांत सातवी पातळी लागते, आणि ती तीन महिन्यांत येत नाही. तुमचे नेमके गुण पदव्या आणि अनुभव पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत.

प्रश्न: मी आयईएल्टीएस ॲकॅडमिक दिली आहे, साडेसात बँड आहेत. चालेल ना? – कळवा

नाही. आयईएल्टीएसचा जनरल ट्रेनिंग हा दुसरा प्रकारच लागतो.

प्रश्न: डोंबिवलीचा वन बीएचके आमच्या नावावर आहे, ७० लाखांचा. तो निधी म्हणून दाखवता येईल का? नाहीतर मामा आठ लाख महिनाभरासाठी खात्यात टाकायला तयार आहेत. – डोंबिवली

तिथे गेल्यावर सुरुवातीला पुरेल एवढा निधी दाखवावा लागतो, त्यात फ्लॅट चालत नाही. घर, दागिने, गावची जमीन यांपैकी काहीही धरत नाहीत. हात घातला की निघेल असा पैसा लागतो: बचत खातं, मोडता येणारी मुदत ठेव. बँकेच्या लेटरहेडवरच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्यावरचं कर्ज हे सगळं यावं लागतं. मामांचे आठ लाख सरासरीच्या रकान्यातच उघडे पडतात.

महिनाभराने परत करायचे पैसे म्हणजे कर्ज, आणि कर्जाऊ पैसा नियमात बसत नाही. मामा खरंच देणार असतील तर तसा बक्षीसलेख करा, आणि त्यांच्याकडे ते कुठून आले हेही कागदावर दाखवा. निधीचा आकडा कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरतो आणि दरवर्षी बदलतो. बायको-मुलं सोबत येणार नसली तरी मोजली जातात. पतपेढीतल्या ठेवींवर सगळी भिस्त असेल तर अर्जाआधी कुणा जाणकाराला पत्राचा मसुदा दाखवून घ्या.

प्रश्न: कुर्ल्यातल्या एका छोट्या कंपनीत सहा वर्षं टॅलीवर काम करतो. मालक ड्युटीज लिहिलेलं पत्र द्यायला तयार नाहीत. एजंट म्हणतो, तो दुसऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर "अकाउंटंट" म्हणून पत्र आणून देईल, २५ हजारांत. सगळे असंच करतात म्हणे. काय करू? – मालाड

नाही, सगळे असं करत नाहीत. जे करतात त्यांच्यातले काही नंतर माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा माझ्याकडे त्यांना द्यायला फारसं काही उरलेलं नसतं.

आधी तुमच्या कामाबद्दल. कॅनडा पदनाम बघत नाही, काम बघतो. नुसती बिलं चढवणं, व्हाउचर एंट्री, येणी-देणी जुळवणं हे लेखा कारकुनाचं काम, कॅनडाच्या व्यवसाय-यादीत त्याचा संकेतांक १४२००, आणि त्याची कौशल्य श्रेणी चार. कुशल कामगार योजनेत श्रेणी शून्य ते तीनच चालतात. पण तुम्ही पूर्ण हिशेब ठेवत असाल, ट्रायल बॅलन्स काढत असाल, जीएसटी रिटर्न भरत असाल, पगारपत्रक बघत असाल, तर काम १२२०० मध्ये बसू शकतं, त्याची श्रेणी दोन. म्हणजे कदाचित खोटं बोलायची गरजच नसेल! हे एजंटने तुम्हाला सांगितलं का? नसेल सांगितलं. खऱ्या कामाचा नीट अभ्यास करायला वेळ लागतो, लेटरहेड छापायला लागत नाही.

मालक पत्र देत नसतील तर तो रस्ता बंद होत नाही. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या वरिष्ठाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. त्यात तुमची कामं, तारखा, आठवड्याचे तास आणि पगार लिहा. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, ईपीएफचं पासबुक आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट जोडा. मालकांनी पत्र का दिलं नाही हेही एका पानात सांगा. अधिकारी मान्य करतीलच असं नाही, पण हे खरं आहे आणि त्याला आधार आहे.

आता त्या २५ हजारांबद्दल. माझ्याकडे आलेलं असंच एक पत्र भिवंडीच्या एका फर्मचं होतं. कामांची यादी कॅनडाच्या संकेतस्थळावरून स्वल्पविरामासकट उचललेली. खाली संपर्काला दिलेला मोबाइल नंबर त्याच एजंटच्या व्हॉट्सॲपवर सापडला. अधिकारी फोन करतात, कंपनीची नोंदणी बघतात, तुमच्या ईपीएफशी तारखा जुळवतात. पकडलं की खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षांची बंदी. नुसता पीआरचा अर्ज नव्हे, त्या काळात कॅनडात पाऊल ठेवणंही अवघड. आणि पकडलं गेलं नाही म्हणून सुटलात असंही नाही. पीआर मिळाल्यावर, अगदी नागरिकत्व मिळाल्यावरही खोटं उघड झालं तर ते काढून घेता येतं. अर्जावर सही तुमची असते. "एजंटने केलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

अजून एक खेळ असा की एजंट तुमच्या नावाने ऑनलाइन खातं उघडतो आणि ईमेल स्वतःचा देतो. कागदांबद्दल शंका आली की कॅनडाचा इमिग्रेशन विभाग नकार देण्याआधी उत्तर द्यायची संधी देणारं पत्र पाठवतो. ते जातं त्याच्या ईमेलवर. तो गप्प बसतो, मुदत उलटते, आणि तुम्हाला कळतं ते थेट नकाराने. म्हणून आज, हे वाचून झाल्यावर, एजंटकडे खात्याचा पासवर्ड मागा. दिला नाही तर काय समजायचं ते समजा. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधित्व करायला तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक सल्लागार किंवा तिथल्या बार संस्थेचा सदस्य वकील लागतो. कॉलेजची नोंदवही संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. नाव टाका, दोन मिनिटं लागतात. नाव सापडलं नाही तर २५ हजार खिशातच राहू द्या.

प्रश्न: लग्नानंतर माझं आडनावच नाही, पहिलं नावही बदललं. पासपोर्ट नव्या नावाने, मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने. अडचण येईल का? – ठाणे

येईल, पण सुटणारी आहे. विवाह नोंदणीचा दाखला आणि पहिलं नाव बदलल्याची राजपत्रातली नोंद, दोन्ही लागतील. राजपत्र नसेल तर आधी ते करा. अर्जात "इतर नावं" विचारतात, तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहा. लपवल्यासारखं दिसलं की भलतीच शंका येते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी असतं, पासपोर्टवर रचना वेगळी. त्यामुळे पदवी तपासणाऱ्या संस्थेला नावाचा खुलासा आधीच पाठवा. ट्रान्स्क्रिप्टसाठी (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा उतारा) विद्यापीठात कलिन्याला अर्ज आत्ताच टाका, आमंत्रणानंतर पूर्ण अर्जाला ६० दिवसच मिळतात. राजपत्रातलं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, हे वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न: एजंट म्हणतो अर्जात बायकोला दाखवू नका, गुण वाढतात. नंतर बोलावून घेता येईल. – बोरिवली

दोन गोष्टींची गल्लत आहे, आणि एजंट ती मुद्दाम करतो. "पत्नी आहे, पण सोबत येत नाही" असं खरं असेल तर तसं लिहिता येतं. तेव्हा गुण एकट्या अर्जदारासारखे मोजतात. "पत्नीच नाही" असं लिहिणं हे वेगळं, तो खोटेपणा. शिवाय अर्जात न दाखवलेल्या, वैद्यकीय तपासणी न झालेल्या बायकोला पुढे प्रायोजित करायचा रस्ता सहसा कायमचा बंद होतो. सोबत न येणाऱ्या पत्नीचीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. आणि "येत नाही" म्हणून पुढच्याच महिन्यात तिला बोलावलंत तर प्रश्न येणारच. यात परस्पर काही ठरवू नका, परवानाधारकाशी बोला.

प्रश्न: १५ लाखांत कॅनडाची जॉब ऑफर मिळते आहे, २०० गुण नक्की असं सांगितलं. – विरार

जॉब ऑफरचे गुण २५ मार्च २०२५ पासून रद्द झाले. पदानुसार मिळायचे ते ५० ही गेले, २०० ही गेले. जे नाही ते तुम्हाला विकत आहेत. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस दिसला की तक्रार करा, बयाणा देऊ नका. प्रांताच्या नामांकनाचे ६०० गुण खरे आहेत, पण ते प्रांत देतो, दुकान देत नाही.

प्रश्न: आईबाबांना माझ्याच अर्जात घेता येईल का? – लालबाग

नाही. २२ वर्षांखालची अविवाहित मुलं येतात, आईबाबा नाही. त्यांच्यासाठी पुढे सुपर व्हिसा आहे, एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. अटी तेव्हाच्या तेव्हा बघा.

प्रश्न: पोलीस क्लिअरन्स चौकीतून आणायचं का? मी मध्ये दुबईत अकरा महिने होतो. – पनवेल

चौकीतून नाही, पासपोर्ट सेवेतून अर्ज करा. पडताळणीला पोलीस येतील ते वेगळं. आणि दुबईचंही लागेल: गेल्या दहा वर्षांत, वयाच्या अठरानंतर, कुठल्याही देशात सलग सहा महिने राहिलात तर त्या देशाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते इथे बसून मिळवायला वेळ जातो, आजच सुरू करा. ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणीही अर्जाआधीच करावी लागते, आणि ती विभागाच्या यादीतल्या डॉक्टरकडेच. तुमचे फॅमिली डॉक्टर कितीही चांगले असले तरी त्यांचा कागद चालत नाही.