बैठकीचा मेसेज आला की पोटात गोळा येतो

चळवळीत काम करणारी माणसं समुपदेशनाला येतात, पण चळवळीच्या कामामुळे आलोय असं सहसा सांगत नाहीत. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरी खटके उडतात, इथून सुरुवात होते. मीनलचंही (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तसंच झालं. तिशीची, सहकारी बँकेत नोकरी, कॉलेजपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एका संघटनेत. तासभर बँकेबद्दल बोलली आणि निघताना दारातून वळून म्हणाली, "मॅडम, दोन महिने मी बैठकीला गेले नाही. ग्रुपवर मेसेज आला की पोटात गोळा येतो. आई आधीपासून म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. मी स्वार्थी झालेय का?"

पुढच्या भेटीत आधी नैराश्य तर नाही ना, ते पाहिलं. भूक ठीक होती, भाच्याबरोबर ती खिदळत होती, जीव नकोसा वाटणं वगैरे काही नव्हतं. झोप उडायची ती फक्त बैठकीच्या आदल्या रात्री. सगळ्यातूनच मन उडालं असतं आणि दोन आठवडे उलटूनही ते तसंच राहिलं असतं, तर तिला मी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग विचारलं, संघटनेच्या कामावरून येऊन शांत झोप लागली, असा शेवटचा दिवस कोणता?

ती एका आजींबद्दल सांगायला लागली. आजींच्या डोक्यात वर्षानुवर्षांची जट. ओझ्याने मान अवघडलेली, पण कापली तर देवीचा कोप होईल ही भीती. मीनल आणि तिची मैत्रीण पुन्हापुन्हा त्यांच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या, सुनेची समजूत काढली. शेवटी आधी जट काढलेल्या एका बाईंनाच घेऊन गेल्या, तेव्हा आजी तयार झाल्या. जट निघाल्यावर आजींनी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर वळवून पाहिली. त्यानंतरही दोघी जातच राहिल्या, कारण घरात कुणाला साधा ताप आला तरी खापर कापलेल्या जटेवर फुटतं.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. काम चांगलं केलं म्हणून मीनलला तालुका कार्यवाह केलं गेलं. तेव्हापासून हॉल ठरवणं, वर्गणीच्या पावत्या, जिल्ह्याला अहवाल आणि दोन ज्येष्ठांचे रुसवेफुगवे. मैत्रीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. बैठकीत चर्चा कोण कमी पडलं याची. चांगल्या कार्यकर्त्याला बक्षीस म्हणून त्याचं आवडतं कामच काढून घ्यायचं, ही रीत बऱ्याच संघटनांत दिसते. (शाळांतही दिसते. उत्तम शिकवणाऱ्याला मुख्याध्यापक करतात.)

मीनलला मी दोन गोष्टी सांगितल्या. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून थकून जाण्यावर, लेख लिहिला, तो कंपन्यांमधल्या नोकरदारांवर नव्हता. मोफत दवाखान्यांत झोकून देऊन काम करणाऱ्यांवर होता, आणि न्यूयॉर्कमधल्या अशा दवाखान्यात तो स्वतः राबलेला होता. दुसरी गोष्ट १९९५ची. ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर यांनी अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास केला. नवं शिकायला मिळतं, स्वतःबद्दल बरं वाटतं, अशी स्वतःपुरती कारणं असलेले लोक जास्त काळ टिकले.

आपल्याकडे हे बोलायची चोरी. घरादारावर तुळशीपत्र ठेवलेल्यांच्या कहाण्या ऐकत कार्यकर्ता घडतो, त्यामुळे 'मला यातून काय मिळतं' हा विचार मनात आला तरी अपराधी वाटतं. माझ्या मते तो प्रश्न अधूनमधून विचारलाच पाहिजे. मीनलला आजींच्या घरी काहीतरी मिळत होतं, पावत्यांत मिळत नव्हतं. मूल्यांवरचा विश्वास तिचा तसाच होता. म्हणून तर न जाण्याची टोचणी होती.

फोन न उचलणं थांबवायचं, एवढं तिने आधी ठरवलं. मग शाखेला लेखी कळवलं: तीन महिने सुट्टी, अमुक तारखेला परत येईन, कार्यवाहपद सोडते आहे, जट निर्मूलनाचं काम दिलंत तर करीन. एका ज्येष्ठांनी "आमच्या काळी सुट्टी नव्हती" हे ऐकवलंच. ती परतली, जट निर्मूलनापुरती. सोबतीला एक नवी मुलगी आहे, तिला मीनल शिकवते. मासिक बैठकीला अजून जात नाही आणि कार्यवाहपद बरेच दिवस रिकामं राहिलं.

नंतर शाखेचे अध्यक्ष आपणहून भेटायला आले. मीनलबद्दल काही बोलणार नाही, हे मी आधीच स्पष्ट केलं. ते म्हणाले, "तिचं सोडा. शिबिराला चाळीस येतात, वर्षभरात चार उरतात. प्रबोधन कमी पडतंय का?" मी विचारलं, गेलेल्यांपैकी कुणाला तुम्ही फोन केलात? केले होते, मोर्चाच्या वेळी. मग यादीतल्या तिघांना या आठवड्यात फोन करा, म्हटलं, पण एकही काम सांगू नका.

ते जरा गोंधळले. "काम नाही सांगायचं, तर मग बोलायचं काय?"