'ठेवा' की 'वगळा' ते नंतर

प्रिय,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. विकिपीडियावर त्या धर्मगुरूंबद्दलचा लेख वगळायचा का, अशी चर्चा सुरू झाली, तू लगेच 'ठेवा, लाखो अनुयायी आहेत' असं लिहिलंस. कुणी तरी झापल्यावर घाबरून ते खोडलंस आणि 'वगळा' केलंस. आता एका भक्ताने 'आमच्या गुरूंची किंमत ठरवणारा तू कोण?' असं विचारलंय आणि तुझी झोप उडालीय.

अरे, तू कुणीच नाहीस. मीही नाही. विकिपीडियावर कुणाचीच किंमत आपण ठरवत नाही, म्हणून तर हे काम मला इतकी वर्षं झेपलं. ज्याचं त्या माणसाशी काही देणंघेणं नाही अशा एखाद्या तिऱ्हाइताने, ज्याच्या शब्दाला कुणी तरी जबाबदार आहे अशा ठिकाणी, त्या माणसाबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय का, एवढंच आपण बघायचं. असेल तर लेख होतो, नसेल तर होत नाही. तो माणूस संत आहे की भोंदू हे ठरवणारे दुसरे असतात, आणि त्यांचं कधी एकमत होत नाही.

तुझा लेख मी उघडला. खाली बावीस संदर्भ आहेत आणि त्या आकड्यावरच तू भाळलेला दिसतोस. एकेक उघडून पाहिलास का? मी पाहिले. पहिले सहा संस्थेच्याच संकेतस्थळाचे. पुढचे चार संस्थेच्या मासिकातले. मग एक चरित्र, लिहिणारा शिष्य आणि छापणारा त्यांचाच न्यास. त्यानंतर तीन वेगवेगळ्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, त्यांचा तुला भारी आधार वाटतोय. त्या एकाखाली एक ठेवून वाच. शब्दन् शब्द सारख्या आहेत, आणि तिन्हींत दुसऱ्या परिच्छेदात 'भाविक भाविक' असा शब्द लागोपाठ दोनदा पडलाय. तीन वार्ताहरांची बोटं एकाच जागी अडखळत नाहीत रे. ते संस्थेचं प्रसिद्धिपत्रक आहे, जसंच्या तसं लावलेलं. पुढच्या सहा बातम्यांत ते फक्त पाहुण्यांच्या यादीत आहेत, 'आदी मान्यवर'च्या जरा अलीकडे. एक मोठी मुलाखत आहे, वाचनीय आहे, पण तिच्यात ते स्वतःबद्दल स्वतःच बोलतात. असे झाले एकवीस. बाविसावा एका अभ्यासकाच्या पुस्तकाचा, पृष्ठ क्रमांक न देता. त्याच्याकडे मी नंतर येते.

लाखो अनुयायी? मोजले कुणी? आकडा संस्थेने सांगितला, वार्ताहराने उतरवला, तू वार्ताहराचा संदर्भ दिलास. एवढा मोठा समुदाय खरंच असेल तर त्याच्या खुणा बाहेर कुठे तरी उमटतात: एखाद्या संशोधकाचा प्रबंध, एखादा दीर्घ वृत्तलेख, विरोधकाची पुस्तिका, गेल्यानंतर संपादकांनी स्वतः लिहिलेला मृत्युलेख (पैसे भरून छापलेली श्रद्धांजली नव्हे). आकडा ऐकला की शोधायला लागायचं. आकडा हाच पुरावा म्हणून पुढे करायचा नाही.

'मग बिशपांचे लेख बरे टिकतात' असा टोमणा तू मारलायस, त्यात तथ्य आहे. इंग्रजी विकिपीडियावर मोठ्या चर्चपंथांच्या बिशपांचे लेख बहुधा राहतात. पण तो त्यांच्या पदाचा हक्क नाही, आजवरच्या चर्चांमधून दिसलेला कल आहे. अशा पदावर नेमणूक झाली की वर्तमानपत्रं दखल घेतात, निवृत्तीला पुन्हा घेतात, मृत्यूनंतर सविस्तर लिहितात, म्हणून शोधणाऱ्याला काही ना काही सापडतं. ज्या परंपरांत पदांची अशी उतरंडच नाही, नोंदवह्या नाहीत, सगळं तोंडी चालतं, तिथले मोठे लोक या चाळणीतून गळतात. हा अन्याय आहे. मी तो नाकारत नाही.

एका वृद्ध प्रवचनकार बाईंच्या लेखावर मी 'वगळा' म्हटलं होतं. त्यांना ऐकून आयुष्य बदललेली माणसं मला भेटली होती. त्यांच्याबद्दल छापील एक ओळ सापडली नाही, ना मला, ना लेख लिहिणाऱ्या माझ्या मित्राला. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचंच. तो गेला आणि बोलायचं राहूनच गेलं, ते सलतं. पण मत? तेच देईन. त्याच आठवड्यात मी एका पैसेवाल्या आश्रमाचा लेख तिऱ्हाईत लेखन नाही म्हणून वगळायला लावला होता. बाईंना 'माझ्या ओळखीतल्या चांगल्या' म्हणून सूट दिली असती, तर उद्या त्या आश्रमाच्या जनसंपर्कवाल्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? मित्राला हे पटलं नाही. तुलाही कदाचित पटणार नाही. नाही तर नाही.

लोक डॉना स्ट्रिकलंडचं उदाहरण आपल्या तोंडावर फेकतात. मे 2018 मध्ये तिच्यावरचा मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला आणि 2 ऑक्टोबरला तिला पदार्थविज्ञानाचं नोबेल जाहीर झालं. सगळे त्या मसुदा तपासणाऱ्यावर तुटून पडले. मला मात्र विचारावंसं वाटतं की तोवर तिच्यावर सविस्तर लिहायला बाकीच्यांचे हात कुणी धरले होते? आपण इतरांच्या मागून चालतो, हे आपल्या कामाच्या व्याख्येतच आहे. (हे मी जरा जास्तच तावातावाने लिहितेय, ठाऊक आहे. हा वाद मी फार वेळा घातलाय.)

आता तू न विचारलेलं. 'वगळा'कडे तू केवळ झापल्यामुळे वळला नाहीस. त्या गुरूंवरचे आरोप तुझ्या वाचनात आले आणि तुला किळस आली. पत्रात दोनदा 'असल्या माणसाला' असं लिहिलंयस. हे तर भक्तीइतकंच निरुपयोगी. वाईट माणसावर लेख असू शकतो. खटल्यावर नामांकित वृत्तपत्रांनी स्वतंत्रपणे, वर्षानुवर्षं लिहिलं असेल तर सज्जन साधूपेक्षा त्याचाच लेख आधी होतो. मात्र जिवंत माणसाबद्दलचा आरोप भक्कम संदर्भाशिवाय एक मिनिटही ठेवायचा नाही. 2005 मध्ये जॉन सायगेनथालर या पत्रकाराच्या लेखात केनेडींच्या हत्येशी त्याचं नाव जोडणारी थाप चार महिने तशीच पडून होती. जिवंत व्यक्तींबद्दलचे नियम कडक झाले ते त्यानंतर. आणि 2009 च्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने (संपादकांमधले तंटे सोडवणारी समिती) चर्च ऑफ सायंटॉलॉजी या पंथाच्या संगणकांवरून होणारी संपादनं रोखली, तेव्हा काही टीकाकारांवरही बंधनं घातली. भक्त आणि शत्रू, दोघांपैकी कुणीच तिऱ्हाईत नसतो.

चर्चेत अचानक उगवलेली ती नवी खाती, सगळी एकाच सुरात 'ठेवा' म्हणणारी, त्यांना घाबरू नकोस आणि त्यांच्याशी भांडूही नकोस. हे मतदान नाही. साधारण सात दिवसांनी प्रचालक, म्हणजे लेख वगळण्याचे अधिकार असलेला संपादक, मुद्दे वाचतो, डोकी मोजत नाही. त्यांच्यापैकी कुणी संस्थेकडून पैसे घेऊन लिहीत असेल तर ते जाहीर करणं 2014 पासून वापराच्या अटींतच आहे. सभ्यपणे एकदा विचार आणि सोडून दे. आणि ठेवा-वगळा याखेरीज तिसरी वाट असते हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही: संप्रदायावरच्या लेखात दोन परिच्छेद आणि या नावावरून तिकडे पुनर्निर्देशन. भक्तांनाही ती आवडत नाही, विरोधकांनाही. बहुतेक वेळा तीच योग्य असते.

तेव्हा आत्ता आधी तुझं 'वगळा' खोड आणि त्या जागी 'संदर्भ तपासतो आहे' एवढंच लिही. मग तो बाविसावा संदर्भ. पुस्तक जालावर नाही म्हणून तू ते उघडलंच नाहीस ना? संदर्भ जालावर असलाच पाहिजे असा नियम नाही. ग्रंथालयात जा, सूची बघ, नाव दोन-तीन प्रकारांनी लिहून शोध. दीक्षेआधीचं नावही बघ, जुन्या लेखनात तेच असतं. एक ओळीचा उल्लेख निघाला तर पुनर्निर्देशन सुचव. पाच-सहा पानं निघाली तर त्या अभ्यासकाने आणखी कुणाचा हवाला दिलाय ते तळटिपांत पाहा, कारण एकट्या पुस्तकावर लेख उभा राहत नाही. दुसरा तिऱ्हाईत सापडला तर 'ठेवा' लिही, पृष्ठ क्रमांकांसकट. मीही तुझ्यामागे लिहीन. काहीच निघालं नाही तर 'वगळा', आणि लेखाचा मजकूर तुझ्या धूळपाटीवर (कच्च्या लिखाणाच्या पानावर) ठेवून घे. उद्या कुणी लिहिलं तर पुन्हा मांडता येतो.

त्या भक्ताला उत्तर द्यायचंच असेल तर तुला ज्या प्रकारचे संदर्भ हवेत त्यांची यादी पाठव. अशा लोकांच्या घरी कधी कधी जुनी कात्रणं खरंच असतात.

पानांची छायाचित्रं मला पाठव, मी वाचते. आणि लेखाच्या पहिल्या ओळीतलं 'परमपूज्य' आजच काढ.

तुझी,
चर्चा पानांवरची खडूस बाई